तांब्याचा वायसर

पहिला थेंब शामरावांना दिसला तो नव्या डोळ्यानं.

उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढून तीन आठवडे झाले होते. तेव्हापासून जग असं लख्ख झालं होतं की त्याचा त्रासच जास्त. चाळीचा जिना मधोमध एवढा झिजलाय हे त्यांना ठाऊक नव्हतं. राधाबाईंच्या हनुवटीवरचं गोंदण हिरवं नाही, निळं आहे, हे लग्नाला चाळीस वर्षं झाल्यावर कळलं. आणि शुक्रवारी सकाळी, परळच्या त्या चाळीच्या चौकात उभ्या असलेल्या आपल्या पांढऱ्या व्हॅनखाली फरशीवर एक ठिपका चमकताना दिसला. रुपयाएवढा. मधाच्या रंगाचा.

ते वाकायला गेले आणि वरून गॅलरीतून राधाबाईंचा आवाज आला, "अहो, डाक्टर काय म्हणलाय?"

डॉक्टर म्हणाला होता, गाडी चालवा, पण अजून महिनाभर खाली वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, डोळ्यात धूळ जाऊ द्यायची नाही. शामराव ताठ उभे राहून नुसतेच बघत राहिले. बघता बघता गाडीच्या पोटाखाली दुसरा थेंब धरला, जड झाला, लोंबला आणि सुटला.

सोळा वर्षांत ह्या गाडीनं तेल टाकलं नव्हतं. तेल खाल्लं असेल, धूर काढला असेल, चिंचपोकळीच्या पुलावर चढताना मान टाकली असेल. पण उभ्या जागी अशी गळली नव्हती. आणि सोमवारी तिला वडाळ्याला आरटीओत पासिंगला न्यायची होती.

त्या पासिंगवर घरात करार झाला होता. "गाडी पास झाली तर चालवा अजून दोन वर्षं, बाबा. मी शब्द काढणार नाही," असं अजित, त्यांचा मुलगा, जेवताना म्हणाला होता. "नाही झाली तर भंगारात द्यायची आणि तुम्ही घरी बसायचं." राधाबाई आणि सून प्रिती साक्षीला होत्या. शामरावांनी 'बरं' म्हणून भाकरी मोडली होती. गाडीवर त्यांचा भरवसा होता.

तेल बदललं होतं बुधवारी. शामराव डोळा दाखवायला गेले होते, तेव्हा अजितनं अर्धी रजा टाकून गाडी माटुंग्याच्या बाजूच्या एका सर्व्हिस सेंटरला नेली. काचेची दारं, आत थंड हवा. तिथं इंजिन आतून धुतलं, पातळसं नवं तेल भरलं, पावती दिली. आणि दोन दिवसांत हा थेंब.

शामरावांनी दुकानातून फ्रिजच्या खोक्याचा मोठा पुठ्ठा मागून आणला. पायानं गाडीखाली सरकवला. मग छत्री आणली, तिच्या वाकड्या मुठीनं पुठ्ठा ओढून घेतला. एका तासात सहा थेंब. परत सरकवला. पुढच्या तासात सात. ऊन तापलं तशी गाडीही तापली आणि दुपारी नऊ झाले. भाताचा घास तोंडात आणि कान खाली, अशी त्यांची गत झाली. थेंबाला आवाज नसतो, पण त्यांना येत होता.

"आता काय पुठ्ठ्यानं तिचा ताप मोजताय होय?" राधाबाई म्हणाल्या. आणि भांडी घासता घासता, कुणाला उद्देशून नाही अशा सुरात, त्यांनी ओवी सोडली:

"सवत आणली धन्यानं, तिला रबराचे पाय
मला वरसाला लुगडं, तिला महिन्याला तेल हाय."

शेजारची कौसल्या खिडकीतून हसली. शामराव हसले नाहीत. ते छत्री घेऊन चौथ्यांदा जिना उतरले.

*

शनिवारी आनंदीबाईंची पाळी होती. मंगळवार, गुरुवार, शनिवार, आठवड्यातून तीन दिवस प्रभादेवीहून त्यांना उचलायचं, परळच्या हॉस्पिटलात डायलिसिसला सोडायचं, चार तासांनी परत न्यायचं. पाच वर्षं हे चाललं होतं. बाईंचं वजन आता चिमणीएवढं झालं होतं, पण चढताना व्हॅनच्या दाराला धरायची त्यांची एक ठरलेली जागा होती आणि तिथला रंग उडाला होता. दुसऱ्या कुठल्या गाडीत त्यांना बसवत नसे. टॅक्सीत गुडघे दुमडत नाहीत, रिक्षा ह्या बाजूला येत नाही. डोळ्याच्या ऑपरेशनच्या दिवसांत अजितच कामावर जायच्या आधी त्यांना नेऊन सोडत होता.

आनंदीबाईंच्या इमारतीच्या आवारात नवी करडी फरशी बसवली होती. शामरावांनी नेहमीसारखी गाडी पायऱ्यांना लावली. आनंदीबाईंना सून दर्शना धरून आणत होती. त्या पायऱ्या उतरेपर्यंत वॉचमन गाडीच्या पुढच्या चाकाशी येऊन उभा राहिला होता.

"काका, तुमची गाडी गळते."

"बघतो मी ते."

"बघतो काय? कमिटीनं परवाच टाकलीय फरशी." त्यानं पाय पुढं केला, बुटाच्या टोकानं तो थेंब पुसायला गेला, आणि टिकलीएवढा डाग हातभर लांब झाला.

दर्शना भांडखोर नव्हती. पाच वर्षांत तिनं कधी आवाज चढवला नव्हता. आताही ती हळूच, सासूला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाली, "काका, रागावू नका हं. पण पुढच्या वेळेपासून गाडी गेटबाहेरच थांबवा. मी आणीन आईंना चालवत."

गेटपर्यंत चाळीस पावलं होती. आनंदीबाईंना चार पावलांत धाप लागे. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. गाडीत बसल्यावर त्या म्हणाल्या, "शामराव, मनाला लावून घेऊ नका. गळणारी तुमची गाडी एकटीच नाही. माझंही तेच चाललंय, म्हणून तर तिकडं नेताय."

शामरावांनी आरशात बघितलं. नव्या डोळ्याला त्यांचा चेहरा फार स्पष्ट दिसला, म्हणून त्यांनी आरसा थोडा वर केला.

हॉस्पिटलच्या दारात त्यांनी गाडी एका जागी दोन मिनिटांवर उभी केली नाही. पुढं घेतली, मागं घेतली, झाडाखाली लावली, तिथून काढली. जिथं उभी राहील तिथं ती आपला ठिपका ठेवत होती. चार तास ते असेच फिरत राहिले. दगड मारलेल्या कुत्र्यासारखी त्यांना कुठंच जागा मिळेना.

*

संध्याकाळी अजित ड्युटीवरून आला. टॉवरमध्ये एसीच्या मेंटेनन्सला होता तो. शर्टाच्या खिशाला टेस्टर लटकलेला, मानेवर घामाचं मीठ. आल्याआल्या त्यानं तोंडावर पाणी मारलं आणि पाटावर टेकला. प्रितीनं चहा पुढं केला. ती हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होती. तिचा स्वभाव हसवून वेळ मारून नेण्याचा.

"बाबांनी आज सत्तर थेंबांचं सॅम्पल घेतलंय," ती म्हणाली. "रिपोर्ट सोमवारी मिळेल."

"तेल गळतंय अजून?" अजितनं विचारलं.

"गळणारच," शामराव म्हणाले. दिवसभर धरून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर आलं. "तुला पाहिजे होतं तेच झालं की."

"म्हणजे?"

"सोळा वर्षं गळली नाही. तू हात लावलास आणि गळली. पासिंग चार दिवसांवर, तेव्हाच बरं तुला सुचलं इंजिन धुवायचं. भंगारवाल्याला काय, आधीच सांगून ठेवलंयस?"

प्रितीनं भांडी आवरायचं थांबवलं. राधाबाई पोळपाटावर हात ठेवून बघत राहिल्या. दहा बाय बाराच्या त्या खोलीत जायला कुणाला जागा नव्हती, म्हणून सगळे होते तिथंच राहिले.

अजितनं चहा खाली ठेवला. "बाबा, तीन आठवडे मी साडेपाचला उठून आजींना नेत होतो," तो म्हणाला. आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "गाडी घालवायचीच असती तर तेव्हाच एखाद्या खांबाला नेऊन टेकवली असती."

मग तो उठला, चपला घातल्या आणि जिना उतरून गेला. चहावर साय धरली.

"तेल गाडीचं गळतंय," राधाबाई म्हणाल्या, "आणि तोंड तुमचं."

*

रविवारी सकाळी शामराव पुठ्ठा काखेत मारून लालबागला निघाले. गाडी नेली असती तर तिथंही ठिपका पडला असता. चालतच गेले. वाटेत दोघांनी विचारलं, "काय शामराव, पुठ्ठा कुठं?" त्यांनी ऐकलं नाही असं केलं.

भिवाचं गॅरेज होतं त्या जागी आता पत्रे ठोकून खड्डा खणला होता. भिवा समोरच्या गल्लीत, लेकीच्या दारात स्टुलावर बसायचा. दोन वर्षांपूर्वी त्याच्या उजव्या हाताला कंप सुटला आणि पाना धरायचं संपलं. पण गल्लीतल्या प्रत्येक गाडीच्या आवाजावर तो अजून मान हलवायचा, ही नीट चाललीय, ही चार दिवसांची सोबतीण.

"आरं शाम्या. डोळा नवा, आणि तोंड का असं जुनं?"

शामरावांनी पुठ्ठा त्याच्या मांडीवर ठेवला. पुढची चाकं जिथं येतात तिथं त्यांनी पेन्सिलीनं रेघा मारल्या होत्या. सगळं सांगितलं. सर्व्हिस सेंटर, इंजिन धुणं, पातळ तेल. अजितचंही सांगितलं, आपल्याला पाहिजे तसं.

भिवानं ऐकून घेतलं. थरथरत्या बोटांनी एक थेंब टिपला, दोन बोटांत चोळला, नाकाशी नेला.

"तेल चांगलं हाय. जुन्या गाडीला पातळ पडतं, ते खरं. इतक्या वर्सांचा आतला मळ धुतला की सिलं उघडी पडत्यात आणि मग पाझरत्यात. पण मग ते पाझर असतंय शाम्या, पसरट. इंजिनाच्या अंगावरनं उतरतंय, धूळ घेऊन येतंय, काळं हुतंय." त्यानं पुठ्ठ्यावर बोट ठेवलं. "ह्ये बघ. सगळे एका जागी. गोल. स्वच्छ. चेंबरच्या नटाखाली, सुतात. नटातनंच येतंय ते."

"मग नट आवळला नाही म्हणायचं त्यांनी."

"आवळला आसंल की, मरस्तोवर आवळला आसंल." भिवानं डोळे बारीक केले. "तांब्याचा वायसर दिला व्हतास का त्यांना?"

शामराव पुठ्ठ्यावरच्या रेघा बघत राहिले.

हा वायसर म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरच्या नटाखाली बसणारी बोटातल्या वेढ्याएवढी तांब्याची चकती. एकदा आवळली की दबते, कडक होते. तीच परत बसवली की पाणी-तेल धरत नाही. शामरावांचे वडील मिलच्या बॉयलरवर होते. त्यांनी शिकवलं होतं की तांबं लाल करून पाण्यात सोडलं की पुन्हा मऊ पडतं. तेव्हापासून शामरावांच्या गाडीला दोन वायसर होते. एक नटात, एक घरी. तेल बदलायच्या आदल्या रात्री भाकऱ्या झाल्या की राधाबाई घरातला वायसर चिमट्यात धरून गॅसवर लालबुंद करत आणि पाण्यात सोडत. चर्र आवाज येई. सकाळी शामराव तो खिशात घालून भिवाकडं जात, उभं राहून बसवून घेत आणि जुना परत आणत. सोळा वर्षं भिवा हसत होता आणि सोळा वर्षं तोच वायसर बसवत होता.

"त्या सेंटरवाल्यांनी नटावर व्हता तोच परत चढवला," भिवा म्हणाला. "त्यांना काय ठावं तुझ्या घरची रीत? पोराला सांगितलं नव्हतंस?"

"नाही."

"इचारलं नव्हतं त्यानं?"

शामरावांनी पुठ्ठा उचलला. "येतो रे," म्हणाले.

*

परत येताना ऊन डोळ्यावर येत होतं. काळ्या चष्म्याआडही येत होतं. बुधवारची डोळ्यांच्या दवाखान्यातली रांग त्यांना आठवत होती, आणि फोनवरचा अजितचा आवाज. मागं कुठंतरी पाण्याच्या फवाऱ्याचा आवाज होता. तो विचारत होता, "बाबा, मी सर्व्हिसिंगला आलोय. तेल बदलतायत. तुमच्या काही खास सूचना? काही सांगायचंय का ह्यांना?"

आणि ते म्हणाले होते, "मला कशाला विचारतोस? करार तुझा, सेंटर तुझं. बघ तुझं तू." भिवाला सोडून काचेच्या दारात गाडी नेली ह्याचा राग होता तो. फोन ठेवताना वायसर आठवला होता. हे खरं होतं. आठवला होता आणि त्यांनी फोन ठेवला होता.

राधाबाई कोथिंबीर निवडत होत्या. शामराव त्यांच्यासमोर उभे राहिले.

"मिश्रीची डबी कुठंय?"

राधाबाईंनी वर बघितलंही नाही. फडताळाकडं हात केला. गोल पत्र्याच्या डबीत, मिश्रीच्या जुन्या वासात, वायसर होता. लाल करून पाण्यात सोडलेला, मऊ, गुलाबी.

"मंगळवारीच करून ठेवला होता मी," त्या म्हणाल्या. "तुम्ही नेला नाही. म्हटलं, ह्यांनी पोराला सांगितलं असंल दुसरा घ्यायला. पोराला इचारलं, बाबा काय म्हणले फोनवर. तो म्हणला, काही नाही म्हणले."

"कधी विचारलंस?"

"बुधवारीच."

"मग काल बोलली का नाहीस?"

"तुम्ही कवा बोलताय ते बघत होते."

अजित चौकात होता. गाडीच्या काचा पुसत होता. कालपासून बापलेक बोलले नव्हते, पण रविवारी गाडी पुसायची ती त्यानं पुसायला घेतली होती. शामराव त्याच्या मागं जाऊन उभे राहिले. कानामागं पोराचे केस पिकले होते. एवढे कधी पिकले? डोळा नवा नसता तर अजूनही दिसले नसते.

"अज्या," ते म्हणाले. लहानपणी हाक मारायचे तशी. "मला वाकता येत नाही."

अजितनं फडकं थांबवलं.

शामरावांनी तळहात उघडला. "हा नटाखाली घालायचा आहे. नट तुलाच काढावा लागेल."

मग सगळं चौकात आलं. अजितनं पुढची चाकं दोन फळ्यांवर चढवली. साड्यांच्या सेलचा एक जुना फ्लेक्स खाली अंथरला आणि त्यावर पाठीवर झोपून तो आत सरकला. बाहेर नुसते त्याचे पाय राहिले, भेगाळलेल्या टाचांचे. तेल नवंच होतं, वाया घालवायचं नव्हतं, म्हणून राधाबाईंकडून भांडं मागितलं.

"माझी परात मिळायची नाही," त्या वरून म्हणाल्या. मग स्वतःच मोठं पातेलं धुऊन पुसून घेऊन खाली आल्या. प्रितीनं गाळायला मलमलचं फडकं आणलं.

सतराचा पाना नटाला लागला. नट हलेना. अजितनं दोन्ही हातांनी जोर लावला, पाना निसटला, बोटं चेंबरवर आपटली. त्याच्या तोंडून शिवी गेली आणि आई समोर आहे म्हणून अर्ध्यातच अडली.

"मरस्तोवर आवळलाय," आतून आवाज आला. "आटे गेले असले तर संपलंच, बाबा. चेंबरच बदलायला लागेल. उद्याचं पासिंग विसरा."

"झटका देऊ नको. सलग जोर दे. अंगाकडं ओढ."

"ओढतोय."

शामराव फरशीवर ताठ उभे होते. खाली बघायला मान झुकवायची नव्हती, म्हणून ते समोर भिंतीकडं बघत बोलत होते. जसं कुणी पोराशी नाही, त्या भिंतीशी बोलतंय.

"बुधवारी तू विचारलं होतंस," ते म्हणाले. "मला तेव्हाच हा वायसर आठवला होता. मी मुद्दाम बोललो नाही."

गाडीखाली पान्याचा आवाज थांबला. प्रितीनं राधाबाईंकडं बघितलं. कौसल्याच्या खिडकीतला रेडिओ तेवढा चालू होता. बराच वेळ नुसते ते पाय दिसत होते, आणि त्यातला एक अंगठा हळूहळू हलत होता.

मग कर्र करून नट सुटला.

"पातेलं सरकवा," अजित म्हणाला.

तेलाची धार पडली. सोनेरी, अखंड, दोरीसारखी. राधाबाई ओठांत काहीतरी पुटपुटल्या, ओवीसारखंच, पण ह्या वेळी सवतीचं नाव नव्हतं. आटे शाबूत होते. अजितनं जुना वायसर बाहेर फेकला. चपटा, काळा, कडेला चिरलेला. नवा चढवला.

"किती आवळू?"

"हातानं बसेल तेवढा बसव. मग पान्यानं अर्धा फेरा."

"अर्धाच?"

"अर्धाच. मऊ आहे तो. त्याचा तो जागा धरतो."

फडक्यातून गाळून तेल परत भरलं. अजित बाहेर आला तेव्हा त्याच्या पाठीवर फ्लेक्सवरच्या लाल साडीचा रंग उतरला होता, आणि बोटाच्या पेरावर रक्त. प्रितीनं बोट धरून बघितलं. शामरावांनी पुठ्ठ्याची कोरी बाजू वर केली आणि पायानं गाडीखाली सरकवला. छत्री मात्र त्यांनी राधाबाईंकडं दिली. "वर ठेव," म्हणाले. "माझ्या हाताशी नको."

*

वडाळ्याच्या रांगेत सोमवारी त्यांच्यापुढं अकरा गाड्या होत्या. अजित शेजारच्या सीटवर बसला होता. त्यानं आणखी एक रजा टाकली होती आणि कुणाला सांगितली नव्हती. सीटखाली इंजिन तापत होतं. ऊन चढत होतं. दर गाडीमागं शामराव पाच फूट पुढं सरकत आणि मागच्या जागेकडं आरशात बघत. अजितही आपल्या बाजूच्या आरशात बघत होता. दोघंही एकमेकांना दिसू न देता.

तपासणारा साहेब तरणा होता. हॉर्न, दिवे, वायपर, ब्रेक. मग टॉर्च घेऊन तो गाडीखाली वाकला, आणि शामरावांचा श्वास त्याच्याबरोबर खाली गेला. साहेबानं हात आत घालून बोट नटावरून फिरवलं. बाहेर काढून उन्हात धरलं. अंगठ्यावर घासलं.

"पत्रा गंजलाय दोन ठिकाणी," तो म्हणाला. "पावसाच्या आधी बघून घ्या. बाकी म्हातारी कोरडी आहे."

शिक्का बसला. परत येताना परळच्या सिग्नलला अजितनं खिशातून तो काळा, चिरलेला वायसर काढला.

"हा चिरलाय, फेकू?"

"फेकू नको. दुकानात दाखवायला लागेल, ह्या मापाचा दुसरा घ्यायचाय. जोडीला एक असावा."

"आणि तो लाल कसा करायचा?"

"आईला विचार," शामराव म्हणाले. "मी सांगितलं तर मीच करत होतो असं सांगेन."

अजित खिडकीबाहेर बघत हसला. सिग्नल सुटला.

मंगळवारी सकाळी प्रभादेवीच्या त्या गेटावर वॉचमन हात आडवा करून उभा होता. शामराव खाली उतरले, डिकीतला पुठ्ठा काढून त्याच्या हातात दिला. वॉचमननं तो उलटापालटा करून बघितला. एका बाजूला जुने थेंब होते; दुसरी बाजू कालच्या दुपारपासून आजच्या सकाळपर्यंत गाडीखाली होती, आणि कोरी होती. त्यानं गेट उघडलं.

दर्शना सासूला धरून चालवत आणायच्या तयारीनं पायऱ्यांवर आली होती. गाडी पायऱ्यांशी येऊन थांबली तशी ती तिथंच थांबली. आनंदीबाईंनी आपल्या ठरलेल्या जागी, रंग उडालेल्या पत्र्यावर हात ठेवला.

"आत आणलीत?"

"आणली."

"बरं केलंत," त्या म्हणाल्या आणि बसल्या.

वळवून घेताना शामरावांनी आरसा खाली केला. करड्या फरशीवर शनिवारचा तो हातभर डाग फिकट उरला होता. त्याच्या शेजारी गाडीची सावली पडली होती. गाडी निघाली तशी तीही बरोबर निघाली. मागं काही राहिलं नाही.